शून्य म्हणजे रिकामी

विणकरांच्या एका गावात शिंत्रे नावाचे एक सर राहत. शाळेत कॉम्प्युटर शिकवत, म्हणून कुणाचा प्रिंटर अडला की सर, कुणाचा मोबाइल रुसला की सर. ते कुणाला नाही म्हणत नसत, हे खरं. पण 'मला माहीत नाही' असंही कधी म्हणत नसत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्याच गावात रत्नमालाताई पैठणीच्या नक्ष्या काढत. पदरावरचे मोर, वेली, कोयऱ्या, सगळं कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरून. गल्लीतले माग त्यांच्याच नक्षीवर चालत. यंदा ताईंनी नवा लॅपटॉप घेतला, पण थोड्याच दिवसांत त्याची एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारी आतली पट्टी, बंद पडली. कंपनीने बदलून दिली ती अर्थातच कोरी. नशिबाने जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ताईंनी कपाटात जपून ठेवली होती. सगळ्या नक्ष्या आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरल्या होत्या.

सरांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा गल्लीतले विणकर बघायला जमलेच होते. ताईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. सरांनी नवी पट्टी बसवली, सिस्टीम टाकायचा पेनड्राइव्ह लावला, आणि नक्ष्या उतरवून घ्यायचं पुढचं काम लवकर उरकावं म्हणून जुनी डिस्कही वायरने जोडून ठेवली.

"सर, ती आत्ताच जोडायची का?" ताईंनी भीतभीत विचारलं.

"ताई, तुम्ही चहाचं बघा," सर म्हणाले.

सिस्टीम कुठल्या डिस्कवर टाकायची, असा प्रश्न पडद्यावर आला. खाली दोन ओळी होत्या. एकीवर शून्य हा आकडा, दुसरीवर एक. शाळेतल्या कॉम्प्युटरांत एकच डिस्क असे आणि तिच्यावर नेहमी शून्यच असे. तेव्हा सरांनी पुढचं काही वाचलंच नाही. उलट जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "शून्य म्हणजे रिकामी. एवढं सोपं असतं." लोक कौतुकाने हसले. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीनने विचारलं. सरांनी हसतहसतच 'हो' दाबलं.

पुढच्याच क्षणी पडद्यावर उमटलं, की ही डिस्क बाहेरून वायरने जोडलेली आहे, हिच्यावर सिस्टीम बसणार नाही.

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी ताईंची डिस्क पुसली होती. पण खरं सांगायचं तर अजून फारसं बिघडलं नव्हतं. डिस्क पुसली तरी आतला मजकूर लगेच जात नाही. त्यावर नवं काही लिहिलं नाही, तर जाणकार माणूस तो परत काढू शकतो. हे सरांना ठाऊक होतं, वर्गात त्यांनीच ते शिकवलं होतं. 'ताई, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर सगळी गल्ली बसली होती, आणि आत्ताच सगळे कौतुकाने हसले होते.

त्यांनी गुपचूप दुसरी ओळ निवडली. सिस्टीम नीट बसली, लॅपटॉप सुरू झाला. "जुनी डिस्क जरा कुरकुरतेय, घरी नेऊन बघतो," असं सांगून ते डिस्क घेऊन निघाले.

घरी त्यांना नवीच धास्ती लागली. ताईंनी ही डिस्क शहरात कुणाला दाखवली तर? आपण पुसल्याचं उघड होईल. म्हणून त्यांनी ती पुन्हा पुसली, आणि या वेळी वरवर नाही, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत शून्यं भरून. मग ताईंना ती परत देऊन म्हणाले, "डिस्कच गेली होती, ताई."

ताई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "कपाटाला ओल आहे. माझंच चुकलं. तुम्ही एवढं केलंत, सर." त्यांनी मागावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते सरांच्या कानावर आलं. त्यांना जेवण गोड लागेना.

ताईंनी मात्र आशा सोडली नाही. बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर परत काढून देणारं दुकान शहरात आहे असं कळल्यावर त्या निघाल्या, आणि बोलणं समजावं म्हणून सरांनाच सोबत घेतलं. सरांना नाही म्हणता आलं नाही.

दुकानातल्या बाईंनी डिस्क तपासली. "ही बिघडलेली नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी मुद्दाम, सावकाश, पूर्ण पुसली आहे. आता काही निघणार नाही."

ताईंनी तोंडाला पदर लावला. "माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल. मला यातलं काय कळतं?"

ते मात्र सरांना ऐकवेना. मान खाली घालून ते म्हणाले, "तुमच्या हातून नाही, ताई. मी पुसली. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा, चूक कुणाला दिसू नये म्हणून."

मग ताईंनी सरांना नाही, त्या बाईंना विचारलं, "पहिल्यांदा पुसली तेव्हाच आणली असती तर?"

"जवळजवळ सगळं निघालं असतं."

ताईंनी डिस्क रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. "चला सर, गाडी चुकेल," एवढंच त्या म्हणाल्या. शिवी दिली असती तर सरांना सोसली असती. गाडीत ताईंच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी सर गावापर्यंत उभ्यानेच आले.

तात्पर्य: चूक तिथल्या तिथे कबूल केली तर बरंच काही वाचवता येतं, ती झाकण्याच्या धडपडीत वाचण्यासारखं होतं तेही जातं.