मुकिंदाचं वाचनालय

एका तालुक्याच्या गावात मुकिंदा नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. ग्रंथालयशास्त्र शिकत होता. त्याला शिकवणाऱ्या बोर्डे मॅडमनी त्याला वीटभट्टीच्या वस्तीतल्या वाचनालयात पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, “शनिवारी साहेब तपासायला येणार. वाचक दिसले नाहीत, तर खोलीला कुलूप. वस्तीत सगळ्यांना समान वागव.”

“बरं,” मुकिंदा म्हणाला.

पहिल्याच दिवशी तीन बायकांनी शिवणकामाचं एकच पुस्तक मागितलं. मुकिंदाने पट्टीने मोजून त्याचे तीन समान भाग केले. एकीला गळा आला, एकीला बाह्या. तिसरीला नुसती अनुक्रमणिका.

मॅडम फोनवर ओरडल्या, “अरे, ज्याची जी गरज, ते त्याला द्यावं!”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या सुंदराबाई आल्या. “लेकरा, खाट लई डुगडुगती रं.” मुकिंदाने गरज ओळखली. शब्दकोश नेऊन खाटेच्या पायाखाली सारला. खाट स्थिर झाली.

“पुस्तक वाचायला असतं!” मॅडम म्हणाल्या. “देण्याआधी वाचता येतं का, ते विचार.”

“बरं.”

तिसऱ्या दिवशी अकरा जण आले. एकालाही वाचता येत नव्हतं. मुकिंदाने अकराही जणांना नमस्कार करून परत पाठवलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “ज्याला वाचता येत नाही, त्याला आपण वाचून दाखवायचं. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

“बरं.”

मुकिंदा मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागला. शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

साहेब आले. हातात फाईल आणि नवंकोरं कुलूप. गर्दी पाहून जरा थबकले. मग मुकिंदाला हळूच म्हणाले, “चष्मा गाडीत राहिला. मला काही वाचता येत नाही. सही कुठे करायची, तेवढं बोट ठेवून दाखव.”

“वाचता येत नाही?” मुकिंदाला दया आली. त्याने फाईल उघडली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “‘आज समक्ष पाहणी केली. एकही वाचक आढळला नाही. खोली बंद करावी.’”

“मग आम्ही काय भुतं हाय व्हय?” सुंदराबाई म्हणाल्या.

साहेबांना घाम फुटला. “अरे, पुरे, पुरे!”

“असं कसं साहेब, दुसरं पान राहिलंय. ‘प्रिय दाजी, वाचनालयाची खोली मिळाली की माझी सिमेंटची पोती तिथेच टाकतो...’”

साहेब कुलूप तिथेच टाकून पळत सुटले. गाडी सुरू झाली.

मुकिंदा फाईल घेऊन मागे धावला. “साहेब, थांबा! खाली कुणाची सही आहे, ते वाचायचं राहिलं!”