भारद्वाजाचं कुंपण

एका गावाच्या अगदी शेवटच्या घरात एक दोरवाला आणि त्याची बायको राहत असत. दोरवाला अंबाडीच्या वाखाचे असे दोर वळायचा, की बैल दमायचे पण दोर तुटायचा नाही. स्वभावानंही तो तसाच होता. एकदा पीळ बसला की सुटायचं नाव नाही. बायको तर त्याच्यापेक्षा एक पीळ जास्तच.

त्यांच्या घरामागे जुनं कुंपण होतं. घाणेरी, निरगुडी आणि करवंदीची जाळी एकमेकांत गुंतून डोक्याइतकी उंच झाली होती. त्या दाटीत एक भारद्वाज राहायचा. काळंभोर अंग, विटकरी पंख आणि गुंजेसारखे लाल डोळे. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगायचं. त्यामुळे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की मुद्दाम वाट वाकडी करून कुंपणापाशी यायचं आणि मान उंच करून उभं राहायचं. भारद्वाजाला मात्र या मानपानाची हौस नव्हती. तो आतूनच ‘कूप-कूप-कूप’ करायचा. फार तर शेपटी दिसायची. नुसती शेपटी दिसली तर दिवस अर्धाच चांगला जातो का, यावर गावात दोन पक्ष होते.

एका पावसाळ्यात बायको विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तीन महिन्यांनी वैद्यांनी तपासून सांगितलं, “हाड जुळलंय. आता हळूहळू उठायला लागा. पण त्याचं बळ तुमचं तुम्हीच आणायचं. ते माझ्या डबीत नाही.”

बायकोनं दोनदा उठून पाहिलं. दोन्ही वेळा कळ मस्तकात गेली. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. “आता माझं सगळं या खाटेवरच,” ती म्हणाली. पाटलांपासून पाणक्यापर्यंत सगळा गाव हळहळला, की बाई काही आता उभी राहत नाही. दोरवाला घाबरला. एवढ्या वर्षांत बायकोनं कशापुढे हार मानलेली त्यानं पाहिली नव्हती.

निदान वारा तरी लागेल म्हणून त्यानं तिची खाट मागच्या खिडकीशी नेली. आठ दिवसांनी ती म्हणाली, “अहो, मातीच्या परळात थोडं पाणी घालून कुंपणाच्या बुंध्याशी ठेवाल का? तो भारद्वाज तहानेला असेल, सारखा ओरडतोय.” त्यानं ठेवलं. पक्षी रोज पाण्यावर येऊ लागला. बायको चार घास जास्त खाऊ लागली, अधूनमधून हसूही लागली. दोरवाला पुढच्या ओट्यावर दोर वळता वळता स्वतःशी म्हणायचा, ‘हा भारद्वाजाचाच गुण.’

शेजाऱ्यानं सल्ला दिला, “दादा, दोर तुझ्या हातातला. एक फासा लाव आणि पिंजऱ्यात घालून वहिनींच्या उशाशी ठेव की!”

“पाहुण्याला कुणी बांधून ठेवतं होय?” दोरवाला उखडला. आपण किती शहाणे, असं त्याला त्या दिवशी वाटलं. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. पक्षी घटकाभर दिसतो तर एवढा फरक पडतो. मग दिवसभर दिसला तर ही आठ दिवसांत चालायला लागेल!

थंडीच्या दिवसांत शेजारच्या बायकांनी तिची खाट उन्हासाठी पुढच्या अंगणात नेली. दोरवाल्यानं कोयता घेतला. दुपारपर्यंत त्यानं सगळं कुंपण बुंध्यापर्यंत छाटून टाकलं, परळ उचललं आणि खिडकीसमोर एका उंच दगडावर ठेवलं. बायकोला आत आणलं तेव्हा तो घामानं निथळत होता आणि आनंदानं फुलला होता. “बघ! आता पडल्या पडल्या सगळं दिसेल!”

बायकोनं पाहिलं. मोकळं आभाळ होतं आणि दगडावर परळ होतं. बाकी काही नव्हतं.

संध्याकाळी भारद्वाज शेताकडून तुरुतुरु चालत आला. जिथे त्याची जाळी होती तिथे थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ओढ्याकडच्या झाडीत उडून गेला. दुसऱ्या दिवशी परळात कावळे अंघोळ करून गेले. भारद्वाज काही आला नाही.

तिसऱ्या दिवशीही बायकोनं ताट तसंच सरकवलं. दोरवाला काकुळतीला येऊन म्हणाला, “अगं, तुझ्यासाठीच केलं ना मी?”

“मला खाटेवर पडून तो कधी दिसतच नव्हता हो,” बायको म्हणाली. “परळ खाली बुंध्याशी. पहिल्या दिवशी कोपरावर उठले तेव्हा त्याची शेपटी दिसली. मग खिडकीचा गज धरून बसायला लागले, तेव्हा पाठ दिसली. तुम्ही कोयता घेतलात त्याच्या आदल्याच दिवशी पाय खाली सोडले आणि क्षणभर उभी राहिले. तेव्हा त्याचा डोळा दिसला. त्यानंही मला पाहिलं, आणि पळाला नाही.”

दोरवाला बघतच राहिला. “तू उभी राहिलीस? मग मला सांगितलं का नाहीस?”

“कण्हत उठलेली तुम्हाला दाखवायची नव्हती. सरळ उभी राहून दाखवणार होते.”

दोरवाला मान खाली घालून बसला. “चुकलो,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द बायको पहिल्यांदाच ऐकत होती. तिला त्याची दया आली, पण रागही पुरता गेला नव्हता.

“बुंधे जिवंत आहेत का?” तिनं विचारलं.

“आहेत.”

“मग पाणी घाला.”

“अगं, वर्ष लागेल. जास्तच लागेल.”

“लागू दे. मलाही लागेल. पाहू, आधी कुंपण उभं राहतंय की मी!”

त्या दिवसापासून दोरवाला बुंध्यांना पाणी घालू लागला. ज्या पायऱ्यांवरून बायको घसरली होती, त्यांचं शेवाळ त्यानं आधी दगडानं घासून काढलं आणि मग त्याच पायऱ्यांवरून घागरी आणल्या. गाव पोट धरून हसला. घाणेरी उपटणारी माणसं सगळ्यांनी पाहिली होती, घाणेरीला पाणी घालणारा हाच पहिला. कोंब फुटले ते शेळ्यांनी खाल्ले. त्यानं भोवती काटे रचले. पुन्हा फुटले, उन्हाळ्यात करपले. त्यानं घागरी वाढवल्या.

इकडे त्यानं एक जाड दोर वळला आणि घराच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणून बांधला. बायको दोर धरून दारात उभी राहायची. जिथवर पाऊल पोचेल तिथे तो दोराला एक गाठ मारायचा. पहिली गाठ पडायला महिना लागला. दुसरी पडली आणि ताप येऊन ती पंधरा दिवस झोपली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दूर ओढ्याकडून ‘कूप-कूप’ ऐकू आलं की ती दातओठ खाऊन म्हणायची, “थांब रे, येतेय!” कधी पडायची, रडायची, दोरवाल्यावर चिडायची आणि पुन्हा दोर धरायची. त्यानं हात पुढे केला की म्हणायची, “तुम्ही तुमच्या घाणेरीकडे बघा.”

असं करता करता दुसरा पावसाळा सरत आला. कुंपण डोक्याइतकं झालं आणि दोराला अकरा गाठी पडल्या. परळ पुन्हा खाली बुंध्याशी गेलं. आणि एका सकाळी ‘कूप-कूप-कूप’ हा आवाज ओढ्याकडून नाही, तर अगदी घरामागून आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ही बातमी गावात पसरायला कितीसा वेळ! दुसऱ्याच दिवशी पाटील कुंपणाबाहेर हजर. ओढ्याच्या पाण्यावरून शेजारच्या गावाशी बोलणी होती आणि ते तिकडेच निघाले होते. त्यांनी बराच वेळ मान वाकडी करकरून पाहिलं. शेवटी हाक मारली, “दोरवाल्या, एवढी पुढची फांदी तोड पाहू. दर्शन घेऊन निघतो. साऱ्या गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे!”

“माफ करा पाटील,” दोरवाला म्हणाला. “दिसला तर आपला. फांदी तोडणार नाही.”

“एका फांदीनं काय होतंय?”

“काय होतं ते मी एकदा बघितलंय.”

पाटलांचा चेहरा लाल झाला. “मला नाही म्हणतोस? मग यंदा मोटेचे दोर दुसऱ्या गावाहून आणतो!”

गावातल्या सगळ्या मोटांचे दोर याच घरातून जायचे. दोरवाल्याला घाम फुटला. पण त्यानं कोयत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आणा,” तो म्हणाला.

पाटील आणखी मोठ्यानं ओरडणार, तेवढ्यात कुंपणाच्या टोकाला पदर दिसला. दोरवाल्याची बायको तिथे उभी होती. अकरावी गाठ मागे राहिली होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते.

“पाटील, जरा हळू बोला,” ती म्हणाली. “तो पाणी पितोय.”

पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते नकळत कुजबुजत म्हणाले, “वहिनी... दोराशिवाय कधीपासून चालायला लागलात?”

“हे काय, आत्ताच.”

दोरवाल्यानं पटकन डोळे पुसले. पाटलांनी दोन्ही हात जोडले. “मोटेचे दोर तयार ठेव रे,” ते हळूच म्हणाले. “आणि फांदी राहू दे. मला जे दिसायचं ते दिसलं.” त्या दिवशी ते भारद्वाज न बघताच निघाले, आणि तरी पावलं हलकी टाकत गेले.

कुंपणाआड भारद्वाजानं चोच वर केली, त्या बाईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्यात घातली.

तात्पर्य: ज्याच्याशी मैत्री करायची, त्याचा आडोसा मोडू नये. त्याला यायचं तेवढं त्यानं यावं, उरलेली पावलं आपण चालावीत.