बिब्बा आणि काजू

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका राजाकडे दूरदेशीचं गलबत आलं. नाखव्यानं राजकन्या केतकीला दोन गिनीपिग दिले. सशाहून लहान, उंदराहून मोठे, शेपूट मुळीच नाही. दोघेही नर, बरं का. काळा तो बिब्बा, पिवळसर तो काजू.

पहिल्याच आठवड्यात दोघं गुरगुरले. राजाला भांडण अजिबात खपत नसे. त्यानं दोघांना रात्रभर वेगळं ठेवलं, डोकी शांत व्हावीत म्हणून गुलाबपाण्यानं न्हाऊ घातलं. सकाळी एकत्र सोडलं, तर गुरगुर दुप्पट! मग पुन्हा वेगळं, पुन्हा गुलाबपाणी. शेवटी राजानं सांगून टाकलं, आता तिसऱ्यांदा भांडले तर एकाला गलबतावरून परत पाठवायचं.

वेगळे केले की दोघंही दाण्याला तोंड लावत नसत, हे केतकीनं पाहिलं होतं. ती तळ्याकाठी जाऊन रडत बसली. तेव्हा पाण्यातून कोण वर आलं? शंभर वर्षांची कासवआजी. तिनं पाठीवरचं चिमूटभर शेवाळ दिलं. हे कानामागं ठेव पोरी, म्हणाली, तीनदा त्यांची भाषा कळेल. मग वाळून जाईल.

मग केतकी पिंजऱ्यापाशी पोटावर आडवी झाली. बिब्बा कंबर हलवत पारव्यासारखा घुमत होता, "मी थोरला, मी थोरला." काजू मान खाली घालून म्हणाला, "बरं बाबा, तू थोरला." झालं, संपलं. केतकीला हसूच फुटलं. हे कसलं भांडण?

दुपारी दातांची कटकट ऐकू आली. काजू चंदनाच्या घरकुलात होता आणि एकुलत्या एक दारात बिब्बा बसला होता. "वाट दे," काजू म्हणत होता, "मला बाहेर पडू दे." मग केतकीनं सुताराला बोलावून घरकुलाला मागचं दार पाडून घेतलं. शेजारी दुसरं घरकुल ठेवलं, दाण्याची दुसरी वाटीही ठेवली.

पण दासींनी ती कटकट ऐकली होती ना! त्यांनी राजाला सांगितलं, तिसऱ्यांदा भांडले. पुन्हा वेगळं, पुन्हा गुलाबपाणी. सकाळी जाळीतून दोघांनी एकमेकांना हुंगलं. बिब्बा म्हणाला, "तू कोण?" काजू म्हणाला, "तू कोण?" तेव्हा केतकीला उमगलं. आंघोळीनं अंगाचा वास जातो. रोजचा सोबती परका होतो, आणि थोरला कोण हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं.

एवढं कळलं आणि शेवाळ वाळून गळून पडलं.

धक्क्यावर गलबत निघायच्या तयारीत होतं. केतकीनं राजाकडे एकच संधी मागितली. दोघांपैकी कुणीच कधी पाय ठेवला नव्हता अशा हिरवळीवर तिनं त्यांना सोडलं. दोघं घुमले. बिब्बानं काजूभोवती फेरी मारली. दात वाजले. राजानं गलबतावर न्यायची टोपली आणायला हात वर केला, तर केतकीनं तो हातच धरला.

"आबासाहेब, हे भांडण नाही, ओळख चाललीय. रक्त निघालं तर मी स्वतः वेगळं करीन. पण तोवर त्यांचं बोलणं मध्येच तोडू नका."

राजाला हे सोपं नव्हतं, बरं का. पण तो थांबला.

मग काजूनं मान खाली घातली. बिब्बा फेरी मारता मारता थांबला, जांभई दिली आणि गवत खाऊ लागला. थोड्या वेळानं काजूही त्याच्या शेजारी येऊन खाऊ लागला.

नाखव्याचा माणूस विचारायला आला, टोपलीत कुणाला घालू? राजा म्हणाला, "नारळ भरा."

पुढं ते दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहिले. रोज एकदा घुमायचे, आणि कुणीही धावत जायचं नाही.

चला, राजाही झोपला, कासवआजीही झोपली. आता तुम्हीही एका कुशीवर वळा आणि डोळे मिटा पाहू.