वरदभट्टाचा निकाल

फार फार जुन्या काळी एका राज्यात वरदभट्ट नावाचा काव्यपरीक्षक होता. नवं काव्य दरबारात आलं की राजा आधी त्याच्याकडे पाहायचा. त्याने मान डोलावली तर कवीला शेला मिळे, नाक मुरडलं तर कवी मान खाली घालून घरी जाई. त्याचा कान इतका तयार, की एक मात्रा कमी पडली तरी त्याला खटके.

स्वतःला मात्र चार ओळी धड जमत नसत. हे दुःख त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

एके दिवशी सुमंत नावाचा कवी दरबारात आला. तो आणि वरदभट्ट एकाच गुरूकडे शिकलेले, एका पानात जेवलेले. लेकीला सासरी पोचवून एकटाच परतणाऱ्या बापाचं काव्य त्याने गायलं. दारावरचा पहारेकरीसुद्धा डोळे पुसू लागला. वरदभट्टालाही ते काव्य भिडलं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात हेवा जागा झाला. गुरू एकच, मग हे देणं याच्याच वाट्याला का?

"काय म्हणता, भट्टजी?" राजाने विचारलं.

"महाराज, भाषा गावंढळ, रचना उसनी. मित्र म्हणून सांगतो, याने हा नाद सोडावा."

सुमंत रागावला नाही. "तुझा कान कधी चुकत नाही," एवढंच म्हणाला. घरी जाऊन त्याने ते काव्य चुलीत घातलं.

पुढे वरदभट्ट बेताच्या कवींना शेले देत राहिला. ज्यांचा हेवा वाटत नाही, त्यांचं कौतुक सोपं असतं. शेवटी राजाच कंटाळला आणि त्याने काव्यसभा मोडली.

पद गेलं, तेव्हा वरदभट्ट सुमंताच्या गावी गेला. सुमंत वांग्यांना पाणी देत होता.

"सुमंता, मी खोटं बोललो रे. तुझ्या तोडीचं मी काही ऐकलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. पुन्हा लिही."

सुमंताने वाफ्याचं पाणी अडवलं.

"वैऱ्याने म्हटलं असतं, तर हसून लिहीत राहिलो असतो. तू म्हणालास, म्हणून खरं मानलं. आता लिहायला बसलो, की पहिल्याच शब्दाला वाटतं, हा गावंढळ आहे."

एवढं बोलून तो पुढच्या वाफ्याकडे वळला.

वरदभट्ट परतला. एक तरी चांगलं काव्य कानी पडावं म्हणून तो मरेपर्यंत वाट पाहत राहिला. ते कुणी आणलं नाही.

तात्पर्य: मत्सराने दिलेला खोटा निकाल दुसऱ्याची कला मारतो आणि आपल्याला उपाशी ठेवतो.