रडत येणारी गिऱ्हाईकं

एका शहरात एक जुनी पेठ होती. त्या पेठेत एक गल्ली अशी होती, की दिवस कलला की आसपासच्या घरांत कुणी स्वयंपाकाचं नाव काढत नसे. गल्लीच्या तोंडाशीच कांदाभजीची कढई. पुढं बेळगावकडच्या मल्लाप्पाचे आप्पे, खोबऱ्याच्या चटणीसकट. मग खिमा-पाव, मग वांग्याचं भरीत आणि भाकरी, मग फालुदा, मग मटक्यातली कुल्फी. कोकणातला एक जण सोलकढी विकायचा, राजस्थानातला एक जण मालपोवे तळायचा. नवखा माणूस या टोकानं शिरला की त्या टोकानं कमरेचा पट्टा सैल करून बाहेर पडायचा.

या गल्लीच्या मधोमध त्रिंबकशेठचं रबडीचं दुकान होतं. दुकान वडिलांपासूनचं. दुपारीच दूध आटायला लागायचं, आणि शेठ लांब दांड्याच्या उलथन्यानं साय कढईच्या कडेला लावत बसायचा. रबडी उत्तम होती. त्याच्याशी ज्यांचं पटत नव्हतं तेसुद्धा एवढं कबूल करायचे.

पण धंद्यात बसलेला माणूस स्वतःच्या दुकानापेक्षा समोरच्या दुकानात जास्त बघतो. शेठच्या समोर अनसाबाईची मिसळ होती. नवरा गेल्यावर तिनं एका स्टोव्हवर सुरू केलेला धंदा आता चांगला नावारूपाला आला होता. तिची तर्री अशी की रंग बघूनच कपाळाला घाम यावा. रोज तिच्याकडे रांग लागायची. ती वाढत वाढत वळायची आणि तिचं शेपूट नेमकं शेठच्या पायरीशी यायचं. माणसं उभी शेठच्या दारात, तोंड अनसाबाईकडे आणि पाठ शेठकडे.

ती पाठ त्याच्या डोळ्यांत सलायची.

त्याची रबडी खपत नव्हती असं मुळीच नाही. कढई रोज रिकामी व्हायची. पण कशी? मिसळ खाऊन उठलेली माणसं धडपडत त्याच्याकडे यायची. डोळ्यांत पाणी, नाक लाल, जीभ बाहेर. "शेठ, लवकर द्या हो," एवढंच बोलणं. द्रोण घशात रिकामा करायचे, हुश्श करायचे आणि चालायला लागायचे. वेलची कुठली म्हणून कुणी विचारत नसे. सायीचे पदर कुणी बघत नसे.

"पोट भरायला तिकडं आणि आग विझवायला इकडं," शेठ एकदा शेजारच्या मल्लाप्पाला म्हणाला. "मी काय बंबवाला आहे?"

"बंबवाल्याला एवढं गिऱ्हाईक कुठलं हो शेठ," मल्लाप्पा आप्पे उलटत म्हणाला. "तुमचं बरं चाललंय की."

शेठला ते बरं वाटलं नाही. दूध तळाला लागलं की वरून काही दिसत नाही, वास मात्र सगळीकडे सुटतो. मत्सराचंही तसंच. शेठच्या तोंडात नुसत्या अनसाबाईच्या गोष्टी. तिचा पाव शिळा, तिचं फरसाण मऊ, तिची मटकी कच्ची. घरी जेवतानाही तेच. शेवटी बायको म्हणाली, "एवढी तिची आठवण येते तर ताट तिकडंच नेऊन वाढू का?"

एके दिवशी दुपारी, गल्ली रिकामी बघून, शेठ रस्ता ओलांडून गेला. अनसाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"वहिनी, राग मानू नका. तुमच्या भल्याचं सांगतो."

"सांगा की शेठ."

"लोक तुमच्या तिखटाला नावं ठेवतात. पोटात जाळ होतो म्हणतात. माझ्यापाशी मोकळं बोलतात, तुमच्या तोंडावर कोण बोलणार?"

अनसाबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली. "इतकी माणसं येतात. मला कुणी एका शब्दानं नाही बोललं."

"आज येतायत. उद्या यायची बंद झाली म्हणजे कळेल. माझं ऐका, तिखट निम्मं करा."

बाईनं ती मिरची सुपात ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही गल्लीतले जुने. तुम्ही कशाला खोटं सांगाल?" आणि सुपातल्या निम्म्या मिरच्या तिनं परत डब्यात टाकल्या.

शेठ परत आला तेव्हा त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याचा आडाखा सरळ होता. अनसाबाईची मिसळ म्हणजे तिचं तिखट. तिखट गेलं की मिसळ गेली, मिसळ गेली की रांग गेली, आणि रांग गेली की माणसं तोंड फिरवून त्याच्याकडे बघणार.

पण झालं उलटंच. चार दोन पट्टीचे खाणारे कुरकुरले, पण त्यांच्या जागी वेगळीच माणसं आली. तिखटाला भिऊन आजवर लांबून जाणारी म्हातारी माणसं आली. लेकुरवाळ्या बायका आल्या, पोरांना पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून भरवू लागल्या. रांग तुटली तर नाहीच, उलट शेठच्या पायरीवरून पुढं मल्लाप्पाच्या गाडीपर्यंत गेली.

आणि शेठची कढई भरलेली राहू लागली.

आधी त्याला वाटलं, दूध पातळ येतंय. गवळी बदलला. मग वाटलं, लोकांना नटवं लागतं. केशर वाढवलं, वर बदामाचे काप पसरले. बदाम वाळून गेले, द्रोण उठेनात. रबडी काही राहणारी वस्तू नव्हे. उरलेली दुसऱ्या दिवशी आंबायची आणि गटारीत जायची. दुधाची खरेदी निम्मी झाली. वडिलांनी जिथं बसून जन्म काढला ती जागा एका सँडविचवाल्यानं भाड्यानं मागितली, आणि शेठनं त्याला नाही म्हटलं नाही. बघतो म्हणाला.

त्या संध्याकाळी मल्लाप्पा जवळ येऊन बसला.

"शेठ, एक बघितलंत का? पूर्वी लोक अनसाक्काकडून उठायचे ते रडत तुमच्याकडे यायचे. आता उठतात, हसतात आणि सरळ घरी जातात."

शेठच्या हातातलं उलथनं थांबलं. ज्या आगीला तो शिव्या देत होता, त्याच आगीवर त्याची कढई रिकामी होत होती. आणि ती आग विझवली कुणी, हे गल्लीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आता काय करावं? व्यापारी माणूस, एक खोटं फसलं की दुसरं तयारच असतं. रात्रभर घोळवून त्यानं वाक्य पक्कं केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा रस्ता ओलांडला.

"वहिनी, लोक आता म्हणतात रस्सा अळणी झाला. पूर्वीची चव राहिली नाही. तिखट परत वाढवा."

अनसाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. "असं? तुम्हाला कशी वाटायची हो पूर्वीची?"

शेठ पातेल्याकडे बघू लागला. एवढी वर्षं समोरासमोर काढली, पण तिच्या मिसळीचा एक घास त्यानं कधी तोंडात घातला नव्हता.

"बसा," बाई म्हणाली. "माझ्यापुरता जुनाच रस्सा करते मी रोज."

तिनं ताटली पुढं ठेवली. नाही म्हणायची सोय नव्हती. शेठनं पहिला घास घेतला आणि कानशिलं तापली. दुसऱ्या घासाला नाक वाहू लागलं. तिसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या. आणि तरी हात थांबेना, कारण ती मिसळ होतीच तशी. पक्कं केलेलं वाक्य त्या तर्रीत कुठं विरघळलं त्यालाच कळलं नाही. जिभेवर उरलं ते एवढंच:

"वहिनी, तक्रार कुणाचीच नव्हती. माझीच होती."

"माहीत आहे," अनसाबाई म्हणाली. "चार गिऱ्हाईकांना विचारलं मी नंतर. सगळे म्हणाले, आम्ही कधी बोललो?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. पण तेवढ्यात लेकुरवाळ्या यायला लागल्या. म्हटलं, माणसानं वाईट चिंतलं आणि आपलं भलं झालं, तर भांडायला जायचं कशापायी? पाणी पिऊ नका, आणखी पेटेल. जा, स्वतःची रबडी खा."

शेठ उठला आणि धडपडत रस्ता ओलांडून गेला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, जीभ बाहेर. निवत ठेवलेल्या कढईतून द्रोण भरला आणि तोंडाला लावला. थंड साय पेटलेल्या जिभेवर पसरली. मागून दुधाचा गोडवा आला, मग वेलची आली, आणि शेठ जागच्या जागी पायरीवर बसला. जन्मभर चमच्याच्या टोकानं साखर पुरेशी आहे का तेवढंच तो बघत आला होता. रबडी कशी लागते, हे त्याला आज कळलं.

अनसाबाईनं सगळी तर्री काही पूर्वीसारखी केली नाही. पोरंबाळं खातात आता, म्हणाली. पण जुना जाळ तिनं वेगळ्या छोट्या पातेल्यात ठेवायला सुरुवात केली, मागेल त्याला. पट्टीचे खाणारे परतले. सँडविचवाल्याला शेठनं नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर एकदा परगावचा एक माणूस, कुठंच न थांबता, थेट शेठच्या दुकानाशी आला. "तुमच्या रबडीचं फार नाव ऐकलंय. एक द्रोण द्या."

शेठनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"आधी समोर वहिनींकडे जा," शेठ म्हणाला. "मोठ्या पातेल्यातली नको, छोट्यातली मागा. नीट रडून या, मग देतो."

तात्पर्य: शेजाऱ्याच्या चुलीवर पाणी ओतण्याआधी बघावं, आपली कढई कुणाच्या आगीवर चालते; मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याची गर्दी दिसते, पण त्याच गर्दीतून आपलं गिऱ्हाईक येतं, हे दिसत नाही.