मातीच्या लेकीतली ओल

एका राज्यात, वैशाखातल्या मंगळवारी, सूर्य उगवून बरोबर सात घटका झाल्या, आणि घरोघरचे पाळणे एकदम हलायचे थांबले. वर्षाच्या आतली सगळी लेकरं मातीची झाली होती. राजवाड्यातला राजपुत्रसुद्धा.

त्याचं असं झालं. धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारी आला नि म्हणाला, "देवाला मानणं शहाणपणाचं की खुळेपणाचं? कारण सांगा." पंडितांनी एकमेकांच्या शेंड्या धरल्या, पण कारण एकानंही दिलं नाही. मांत्रिक संतापला नि त्यानं मंत्र टाकून लेकरांची माती केली. "माझे तीन सवाल जो सोडवील तोच लेकरं सोडवील. जो चुकेल तो माती होईल." एवढं बोलून तो काळ्या डोंगरावर गेला.

हौसा कुंभारणीची आठ महिन्यांची बकुळी त्याच घटकेला माती झाली होती. हौसानं लेक कडेवर घेतली आणि वाट धरली. एकवीस दिवस ती उन्हातून चालली. लेकीला तडा जाईल या धाकानं तिचा डोळा लागत नव्हता.

डोंगराच्या दारी साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "बाई, माघारी फीर. तीन पंडित आले, तिघांचे पुतळे झाले."

"पंडितांना माती मळता येत होती का?"

"नाही."

"मग सर बाजूला."

मांत्रिकानं पहिला सवाल टाकला. "देव दाखव."

"बुवा, तुम्ही तुमची खापरपणजी दाखवा."

"ती कुठून दाखवू?"

"पण तुम्ही तर आहात. म्हणजे ती होती. जग आहे, म्हणून मी त्याच्या मागं कुणी आहे म्हणते."

मांत्रिकानं मान हलवली. "दुसरा. तू रोज हात जोडलेस, तरी लेक माती झाली. तुझा देव बहिरा, नाहीतर नाहीच."

हा सवाल हौसानं स्वतःलाच वाटेत शंभरदा विचारला होता. "लेकीला काढा पाजताना ती मला बोचकारायची," ती हळू म्हणाली. "तिला कारण ठाऊक नव्हतं. म्हणून कारण नव्हतंच, असं नाही."

"अर्धंच उत्तर."

"अर्धं तर अर्धं. जास्तीचं मला ठाऊक नाही, खोटं कशाला बोलू?"

तिचे पाय घोट्यापर्यंत मातीचे झाले.

"तिसरा," मांत्रिक म्हणाला. समोर भांडी भाजायचा आवा पेटला होता. "खरी मानणारी असशील तर लेक ह्यात ठेव. तुझा देव वाचवील."

साळुंकी किंचाळली. हौसानं लेक कडेवरून काढून हातांत घेतली. आव्यात लावण्याआधी ओल राहिली का म्हणून कुंभारणी भांडं गालाला लावून बघतात. सवयीनं तिनंही बकुळीला गालाशी धरलं. माती गार लागली, म्हणजे अजून ओली होती.

"नाही ठेवत."

"विश्वास उडाला?"

"ओली माती आगीत फुटते, हे कळण्याची अक्कल ज्यानं दिली, त्याच्याच नावानं ती गुंडाळून ठेवू? असा विश्वास मला नको." मग ती थबकली. "बुवा, आता माझा सवाल. पणती दोन दिवसांत वाळून खडखडीत होते. ही एकवीस दिवस उन्हात होती. मी पाणी शिंपडलं नाही. तुम्ही शिंपडलंत?"

"मी कशाला?"

"मग ओल कुणी राखली? डोळ्यांना दिसत नाही, गालाला लागतेय. राखणाऱ्याला मी देव म्हणते. खुळेपणा वाटत असेल तर दुसरं कारण सांगा."

मांत्रिकानं मातीची लेक आपल्या गालाला लावली. मग दुसऱ्या गालाला लावून पाहिली.

"मला दुसरं कारण सापडत नाही. पण उद्या कुणाला सापडलं तर?"

"तर ऐकेन की. कान बंद करून मानायला कुणी सांगितलंय?"

मांत्रिक पहिल्यांदा हसला. "पंडितांपैकी एकानंही असं म्हटलं नाही. कारणही देणारं नि कानही उघडे ठेवणारं, हेच उत्तर मी शोधत होतो."

त्याच्या हातातली माती ओलसर, मग मऊ, मग ऊबदार झाली. बकुळीनं त्याची दाढी मुठीत धरून जे भोकाड पसरलं, ते राजवाड्यापर्यंत गेलं. तिकडे राजपुत्र रडला. मग सारं राज्य लेकरांच्या रडण्यानं दणाणलं आणि आयांना ते गाण्याहून गोड लागलं. पुतळे पंडित झाले. हौसाचे पाय पुन्हा हाडामांसाचे झाले. मांत्रिकानं स्वतःच्या हातानं आवा विझवला.

ऐकणाऱ्यांनो, ही गोष्ट इथंच ठेवू नका. शेजारी सांगा, माहेरी सांगा. आणि ज्या घरात पाळणा हलतोय तिथं सगळ्यांत आधी सांगा.