तळव्यांची शपथ

दोष बापाचाच होता. वडीलधारा म्हणून त्याला पाठीशी घालायचं काही कारण नाही.

फार जुनी गोष्ट. माळावरच्या एका गावात एक पाणाड्या राहायचा. अनवाणी चालून तो जमिनीखालचं पाणी सांगायचा. त्याची सात वर्षांची लेक एकदा चालता चालता थबकली.

"आबा, इथं तळव्यांना गार लागतंय."

तिथं खणलं, तर दोन पुरुष खोलीवरच पाणी लागलं. गाव हरखलं. बापानं मात्र लेकीला हाताला धरून घरी आणलं.

"ही उद्या परक्या घरी जाणार, आपली विद्या तिकडं नेऊन ओतणार," तो म्हणाला. त्यानं तिच्या पायांत वहाणा चढवल्या. "मी आहे तोवर मातीवर अनवाणी पाऊल टाकशील, तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

विद्या मुलाला दिली. त्याला चिखलात उभं केलं, तरी ओल कळत नसे.

लेक सासरी गेली. लेकरं झाली, नातवंडं झाली, केस पिकले. बाप काही मरेना, शपथ काही सुटेना. बायका म्हणायच्या, "म्हातारे, तुला काय कमी आहे?" ती हसायची. दुपारी उंबऱ्यात बसून वहाणांच्या आत बोटं हलवून बघायची. ते गार एकदा, फक्त एकदा परत लागावं, एवढंच तिला हवं होतं.

एके दिवशी भाऊ आला. धुळीनं माखलेला.

"आक्का, गावची विहीर आटली. आबांना आता चालवत नाही, नि मी दाखवलेल्या नऊ जागा कोरड्या निघाल्या. आबांनी शपथ सोडवलीय. चल."

"आता सुचलं होय त्यांना?" ती म्हणाली. पण उठली.

माळावर तिनं वहाणा काढल्या. सकाळपासून चालली. दगड टोचले, काटे रुतले, ऊन पोळलं. गार कुठंच लागलं नाही.

बाजेवरून नव्वदीचा बाप ओरडला, "लागलं का गं?"

"नाही, आबा. पन्नास-साठ वर्षं झाकून ठेवलेत तळवे. ते विसरले." मग ती हळूच म्हणाली, "मी नाही विसरले."

महिन्याभरात गाव उठलं. गाडीत घालून बापाला लेकीच्या सासरी नेलं. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणारा तो, तिच्याच ओंजळीनं प्यायला. ती मात्र संध्याकाळी शेताच्या बांधावर अनवाणी फिरत राहिली.

ज्याची जाण त्याला नाकारली, तर ती विद्या कुणाचीच राहत नाही.

बापाचं गाव गेलं. ते परत वसलं नाही.